कॅप्केनचा पाऊण तास

५ मे, सोमवार. सकाळ.

रोजनिशी पुन्हा सुरू. मागची दोन पानांत आटोपली होती, पण तेव्हा पेन वाईट होतं.

आज ब्रायरने समोर बसवलं. ब्रायर आमच्या बेटाच्या माहिती केंद्राची प्रमुख. केंद्रात ती आणि मी दोघंच, म्हणजे मी उपप्रमुख. विमान कधी, जहाज कधी, दवाखान्यात डॉक्टर कधी, हे बेटावरच्या सगळ्यांच्या फोनवर आपोआप जातं ते माझ्या स्क्रिप्टांमुळे, म्हणजे कॉम्प्युटरसाठी मी लिहून ठेवलेल्या हुकमांमुळे. लोकांना वाटतं आपोआप. आपोआप काही होत नाही, मागे कुणीतरी असतो.

या स्क्रिप्टा एका कंटेनरमध्ये राहतात. म्हणजे कॉम्प्युटरच्या आतला एक डबा, त्याच्या तळाशी छोटीशी ऑपरेटिंग सिस्टिम, आणि तिच्या जिवावर वर माझा संसार. आता तळाची सिस्टिम म्हातारी झाली, तिची डागडुजी बंद झाली, महिनाअखेरपर्यंत बदला, असं वेलिंग्टनहून आलंय. ब्रायर म्हणाली, तीच डेबियन आहे, तिचीच नवी आवृत्ती घाल आणि मोकळा हो.

मी नुसता हसलो. डेबियन काढून डेबियन? मी अल्पाइन घालणार. अख्खी सिस्टिम पाच एमबीची. आमच्या कुत्र्याचा फोटो याहून मोठा आहे. एका दुपारचं काम.

आजचा संकल्प: दुपारी अल्पाइन. उद्यापासून साखर बंद.

संध्याकाळ. दुपारी झोप लागली. वाऱ्यामुळे.

६ मे, मंगळवार.

सासरे जेवायला आले होते. विरेमू. आयुष्यभर समुद्रात शेवंड पकडली, आता खुबा पार झिजलाय. दोन वर्षं वाट पाहून ऑपरेशनची तारीख मिळाली. शुक्रवार, ३० मे, क्राइस्टचर्च. विमान आदल्या दिवशी, गुरुवारी. हॉस्पिटलने कळवलंय की बरोबर घरचं एक माणूस हवंच, आणि नंतरही पंधरा दिवस. रोइमाता, म्हणजे माझी बायको, शाळेत शिकवते. तिच्या जागी उभं राहायला बेटावर कुणी नाही.  मग सासरे ताटातल्या बटाट्याकडे बघत म्हणाले, "नेव्हिल येईल की."

मी चमचा खाली ठेवला. बारा वर्षांत या माणसाने माझ्याकडे काही मागितलेलं नाही. साधं मीठसुद्धा ते मुलीकडे मागतात.

कारण लग्नाचा दिवस. मी माझ्या गावाहून, टिमारूहून, आदल्या संध्याकाळी उतरलो होतो, घड्याळ न्यूझीलंडच्या वेळेवर, आणि बेटाची वेळ त्यापुढे पाऊण तास. पोचलो पाऊण तास उशिरा. मंडळी वाऱ्यात उभी, रोइमाताच्या डोक्यावरची फुलं उडून गेलेली. चूक सर्वस्वी घड्याळाची. पण सासरे भर मांडवात म्हणाले, "पाहुण्यांना इथे राहायचंय का न्यूझीलंडमध्ये, ते आधी ठरवू दे त्यांना." तेव्हापासून बेटावर कुणाला उशीर झाला की 'नेव्हिलच्या वेळेवर आला' म्हणतात. पाळण्यातली पोरंसुद्धा हे शिकून मोठी होतात.

यावेळी मी विमानाच्या आधी धावपट्टीवर हजर असणार. वैमानिकाच्याही आधी. सासऱ्यांची बॅग माझ्या हातात, सासऱ्यांचा हात माझ्या खांद्यावर. बस, एवढंच पाहिजे.

जाताना त्यांनी विचारलं, सध्या काय चाललंय. कंटेनरचा तळ बदलतोय, म्हटलं. ते म्हणाले, "धक्क्यावरचा? त्यात माझी जाळी आहेत, ती भिजवू नकोस."

समजावलं. उपयोग झाला नाही.

८ मे, गुरुवार.

अल्पाइनला सुरुवात. फरक किरकोळ आहेत. डेबियनमध्ये सामान मागवायच्या आज्ञेत ए-पी-टी लिहितात, अल्पाइनमध्ये ए-पी-के. एका अक्षराचा प्रश्न. पन्नास फायली कोण उघडत बसणार? फायली दुरुस्त करायच्या प्रोग्रामला सांगितलं, दिसेल तिथे ए-पी-टीचं ए-पी-के कर. चुटकीसरशी झालं. अशा वेळी वाटतं, आपण मोठ्या शहरात असतो तर कुठे असतो.

चहात साखर घेतली, पण अर्धाच चमचा.

९ मे, शुक्रवार.

एक बारीक गोष्ट. इंग्रजीत 'कॅप्टन' लिहिलं की त्याच्या पोटात ए-पी-टी ही तीन अक्षरं असतात. हे मला कुणी सांगितलं नव्हतं. आज सकाळी सगळ्या बेटाला संदेश गेला: 'जहाज दुपारी धक्क्याला लागेल. आपला, कॅप्केन डूगल.'

डूगल तीस वर्षं जहाज चालवतो. दुकानात भेटला तर म्हणाला की त्याला धक्क्यावरून चार जणांनी कॅप्केन म्हणून हाक मारली, आणि त्यांतला एक पाद्री होता. पण डूगल समंजस. त्याने ती पदवी तिथल्या तिथे मला देऊन टाकली. दुकानातून बाहेर पडेपर्यंत मी कॅप्केन झालो होतो.

दोन दिवसांत विसरतील.

१२ मे, सोमवार.

विसरले नाहीत. पेट्रोल भरताना पावतीवरही कॅप्केन.

काम: स्क्रिप्ट चालवली. उत्तर आलं, 'सापडली नाही.' मी फायलींची यादी काढली. फाइल आहे. पुन्हा चालवली. 'सापडली नाही.' नाव बदलून पाहिलं. दुसऱ्या फोल्डरमध्ये ठेवली. स्क्रीनवर बोट ठेवून, ही काय ही, असं मोठ्याने म्हटलं. ब्रायरने मान वर करून पाहिलं.

फाइल समोर आहे आणि हा म्हणतो सापडत नाही. घरी मी मोज्यांबद्दल असंच म्हणतो, तेव्हा रोइमाता कशी वैतागत असेल ते आज कळलं. तिला सांगणार नाही.

१३ मे, मंगळवार.

सापडत नाही ती फाइल नव्हे. माझ्या प्रत्येक स्क्रिप्टच्या पहिल्या ओळीत लिहिलंय की मला बॅशकडून वाचून घ्या. बॅश हा स्क्रिप्टा वाचणारा. डेबियनमध्ये तो घरचाच होता. अल्पाइनमध्ये नाहीच, तिथे दुसराच कुणी मितभाषी प्राणी आहे, त्याला माझी अर्धी भाषा कळत नाही. म्हणजे निरोप आहे, निरोप्या नाही, आणि बोल मात्र निरोपाला.

ब्रायर म्हणाली, मग बॅश बसव की, एक ओळ तर आहे. मी तिला शांतपणे सांगितलं की असं एकेक बसवत गेलं तर पाच एमबीचे पंधरा व्हायला वेळ लागत नाही. मी सगळ्या स्क्रिप्टा त्या नव्या प्राण्याच्या भाषेत लिहून काढणार. स्वच्छ. पुढची वीस वर्षं बघायला नको.

१५ मे, गुरुवार.

बॅश बसवला. ही माघार नव्हे. तात्पुरती सोय.

आता स्क्रिप्ट सापडते, आणि सापडल्यावर तारखेपाशी बसकण मारते. डेबियनच्या तारखेला 'उद्या' म्हटलं तरी कळायचं, 'पाऊण तासाने' म्हटलं तरी कळायचं. अल्पाइनची तारीख म्हणते, अवैध. उद्या अवैध आहे म्हणे. दिवसभर मलाही तसंच वाटत होतं.

संध्याकाळी सासऱ्यांचा खुबा दुखत होता. रोइमाता त्यांना उठायला हात द्यायला गेली, तर म्हणाले, "राहू दे, सवय कर. तिकडे कॅप्केन देणार आहे हात." चिडवलं, पण मला वाटतं त्यात थोडी माया होती. मी लगेच पुढे झालो. हात द्यायच्या घाईत त्यांची काठी पाडली.

१९ मे, सोमवार. सकाळ.

आज बदल केला. डेबियनला निरोप, अल्पाइन चालू. एकही चूक दाखवत नाही. ब्रायरला म्हटलं, महिनाअखेर होती ना, आज एकोणीस आहे. तिने विचारलं, सकाळी सातचा संदेश गेला का. म्हटलं, जाईल.

संध्याकाळ. गेला. पावणेआठला. संध्याकाळच्या. 'सुप्रभात, आज डॉक्टर नऊ वाजता दवाखान्यात येतील.' मटण नुकतं ताटात वाढलं होतं आणि घरातले तिन्ही फोन एकदम सुप्रभात म्हणाले. सासरे उठले, पडदा सारून बाहेरचा अंधार पाहिला, आणि परत येऊन बसले.  त्यांनी टोमणा मारला असता तर बरं झालं असतं.

डॉक्टर सकाळी एकटाच बसून गेला. दोन म्हाताऱ्या आत्ता दवाखान्याच्या दारात उभ्या आहेत म्हणे.

२१ मे, बुधवार.

शोध लागला. अल्पाइनला आमची वेळच माहीत नाही. मी वर ठळक लिहिलंय की आपण चॅटम बेटांवर आहोत. त्याने ते वाचलं, असे गाव ऐकिवात नाही असं मनाशी म्हटलं, आणि मुकाट्याने ग्रिनिचची वेळ लावून बसला. निदान विचारायचं तरी. आम्ही लहान आहोत, पण आहोत.

असो. यंत्र अडाणी असलं तर माणसाने डोकं चालवावं. बोटांवर हिशेब केला. आम्ही ग्रिनिचच्या पावणेतेरा तास पुढे. म्हणजे आमचे सकाळचे सात हवेत तर त्याला आदल्या संध्याकाळचे सव्वासहा सांगायचे, आणि मजकूर दुसऱ्या दिवसाचा पाठवायचा. सगळ्या स्क्रिप्टांत हाताने बदल केले. विमानाच्या वेळा न्यूझीलंडहून त्यांच्या वेळेत येतात, आणि 'आपल्या वेळेत सांग' म्हटलं तर हा जशाच्या तशा परत देतो. मग तिथेही पाऊण तास हाताने मिळवला. मान दुखली, पण जमलं.

२३ मे, शुक्रवार.

दोन दिवस संदेश अगदी वेळेवर. रोइमाताला दाखवलं. ती छान म्हणाली आणि रेडिओ लावला. आता ब्रायर रोज सकाळी बोटींच्या रेडिओवरून विमानाच्या आणि जहाजाच्या वेळा वाचून दाखवते. लोकांचा फोनवर विश्वास राहिला नाही म्हणे. चार दिवसांचं खूळ. ब्रायर वाचताना शेवटी 'आणि कॅप्केनकडून सुप्रभात' असं म्हणते, ते अनावश्यक आहे.

२६ मे, सोमवार.

मागच्या आठवड्यात इंटरनेटवर जाणकारांच्या एका मंडळात मी माझी अडचण दीड पान लिहून टाकली होती. बेटाचा इतिहास, वेळेचं वेगळेपण, अल्पाइनचा उद्धटपणा, सगळं. आज एकाचं उत्तर आलं. 'टाइमझोनचं पॅकेज बसवलंय का?'

एवढंच. नमस्कार नाही, काही नाही. डेबियनमध्ये ते आधीपासून असतं, अल्पाइनमध्ये मागून घ्यावं लागतं, असं दिसतं. एका ओळीचं काम. मी उत्तर दिलं नाही. माझा हिशेब चालतोय, मला कुणाच्या पॅकेजची गरज नाही.

२८ मे, बुधवार.

उद्या विमान. बॅग भरली: लॅपटॉप, तीन चार्जर, लोकरीचे मोजे, सासऱ्यांसाठी शब्दकोड्यांचं पुस्तक. हॉस्पिटलात त्यांना वाचून दाखवणार. बोलायला विषय लागतो माणसाला.

दुपारी ब्रायर म्हणाली, सप्टेंबरात घड्याळं तासभर पुढे सरकतील तेव्हा तुझ्या बोटांवरच्या हिशेबाचं काय करायचं. प्रश्न बरोबर होता, विचारणारं माणूस चुकीचं होतं. शेवटी ते पॅकेज बसवलं. खरंच एक ओळ. लगेच कंटेनरने आमची वेळ दाखवली, मिनिटाला मिनिट. म्हणजे आता तो स्वतःच पाऊण तास मिळवतो. हाताने मिळवलेला पाऊण तास काढायला पन्नास फायली पुन्हा उघडाव्या लागतील. आल्यावर बघू. दोन्हीकडून बंदोबस्त असलेला बरा.

संध्याकाळी सव्वासहाला संदेश आला: 'गुरुवार, २९ मे. विमान पावणेबाराला सुटेल.' बारा तास आधीच! ही सोय मी केलेली नव्हती, पण चांगली आहे. आदल्या दिवशी कळलेलं बरं.

रोइमाता म्हणाली, "अकराला सुटतं नेव्हिल. गुरुवारचं नेहमीच अकराला सुटतं."

मी फोन दाखवला. म्हटलं, हिवाळ्यात वेळा बदलतात. ती फोनकडे बघत राहिली, मग माझ्याकडे. म्हणाली की ती शाळेतून तासभर सुट्टी घेऊन बाबांना साडेनऊलाच पट्टीवर नेणार, मीही त्यांच्याबरोबरच यावं. मी म्हटलं, बाबांना कडक खुर्चीवर उगाच दोन तास का बसवायचं. शिवाय सकाळी मला ब्रायरला कारभार समजावून द्यायचाय. मी माझ्या गाडीने येतो. चांगला पाऊण तास आधी येतो.

तिने माझी बॅग उचलून आत्ताच पिकअपमध्ये ठेवली.

२९ मे, गुरुवार. सकाळ, साडेनऊ.

ती दोघं निघाली. सासऱ्यांनी ठेवणीतला कोट घातलाय. गाडीत चढताना माझ्याकडे बघून म्हणाले, "ये रे मग." टोमणा नाही, कॅप्केन नाही. नुसतं 'ये रे मग'. पिकअप दिसेनाशी होईपर्यंत मी अंगणात उभा राहून हात हलवत होतो.

केंद्रात जातो. ब्रायरला सगळं नीट समजावतो. वेळ भरपूर आहे.

दुपार.

अकराला पोचलो. ठरल्याप्रमाणे, पाऊण तास आधी.

विमान पट्टीच्या टोकाला वळत होतं. मला वाटलं, आलं वाटतं. मग ते पळायला लागलं.

कुंपणापाशी गेलो. एका खिडकीत कोट दिसला. एक हात वर झाला. टाटा केला की कपाळावर मारून घेतला, ते इतक्या लांबून कळलं नाही. मीही हात वर केला. विमान ढगात गेल्यावरही तो बराच वेळ वरच होता.

शेवंडांच्या पेट्या चढवणाऱ्या माणसाने सांगितलं. शेवटच्या क्षणापर्यंत थांबले होते. रोइमाताने तीनदा फोन केला, तो मला ऐकू आला नाही, कारण ब्रायरला दाखवायला मी तो आवाज बंद करून केबलने कॉम्प्युटरला जोडून ठेवला होता. मग हॉस्पिटलच्या नियमाचं काय करायचं, यावर सासरे म्हणाले की एकटा जातो. मग रोइमाताच माझ्या जागेवर चढली. गमबूट घालूनच. माझी बॅग घेऊन.

तो माणूस म्हणाला, "काय कॅप्केन, न्यूझीलंडच्या वेळेवर का?"

मी त्याला सांगायला गेलो की उलट झालंय, कंटेनरनेही पाऊण तास मिळवला आणि मीही मिळवला, दोघांनी एकाच वेळी बरोबर वागल्यामुळे हे घडलंय. त्याने सगळं ऐकून घेतलं. मग गाडीपर्यंत सोडायला आला. फार वाईट वाटलं.

३० मे, शुक्रवार.

ऑपरेशन. सकाळपासून फोन हातात. काम सुचत नाही, आणि सुचलं तरी लॅपटॉप क्राइस्टचर्चला आहे. ब्रायरच्या कॉम्प्युटरवरून हाताने मिळवलेले पाऊण तास काढायला बसलो, पासवर्ड आठवेना. तो लॅपटॉपला आठवतो.

तीनला रोइमाताचा फोन. ऑपरेशन उत्तम झालं. मी खुर्चीत बसलो ते बसलोच. ती माझी पँट आणि लोकरीचे मोजे घालून हिंडतेय. दुकानं जवळ असूनही जायला वेळ झाला नाही म्हणाली. चिडली आहेस का, विचारलं. ती म्हणाली, "नाही रे. चिडायला ताकद लागते." हे जास्त लागलं.

शाळेबद्दलही सांगितलं. मुख्याध्यापिकेशी तिचं बोलणं झालंय. मंगळवारपासून तिचा वर्ग मी घ्यायचा. दुसरं कोण मोकळं आहे बेटावर?

सव्वासहाला फोन वाजला. उद्याच्या विमानाचा संदेश. वेळ पाऊण तास चुकलेली. बेटावर कुणी त्याकडे बघितलंसुद्धा नसेल. बघणारा मी एकटाच.

३ जून, मंगळवार.

रोइमाताचा वर्ग. अकरा मुलं. तिने नोंद ठेवली होती, या आठवड्यात घड्याळ वाचायला शिकवणे. पुठ्ठ्याचं घड्याळ, दोन काटे. मी सव्वा शिकवलं, साडे शिकवलं. पावणेला हात घातला तर मागच्या बाकावरून कुणीतरी म्हणालं, हे आम्हाला येतं. सगळा वर्ग हसला. मीही हसलो. घरी जाऊन चहात तीन चमचे साखर घातली.

मग फोन वाजला. सासरे. स्वतः. बारा वर्षांत पहिल्यांदा त्यांनी मला फोन केला, त्यामुळे मी उभा राहिलो.

आवाज थकलेला होता, पण त्यांचाच होता. खुबा बरा आहे म्हणाले, नर्स शब्दकोडी वाचून दाखवते, तिला एकही येत नाही.  मी म्हणालो, बाबा, मला यायचं होतं. खरंच यायचं होतं. कंटेनरचं असं झालं की तळ बदलल्यावर ... त्यांनी मध्येच थांबवलं.

ते म्हणाले, "लग्नाला पाऊण तास, ऑपरेशनला पाऊण तास. माणूस नेमाचा आहेस."

हे कौतुक आहे, असं मी धरून चाललोय.

मग म्हणाले, "चौदा तारखेला येतोय. शनिवार. दोनला उतरतो. रोइमाता बॅगा घेईल, मला उतरताना हात लागेल. तू ये. फोन बघू नकोस. नुसता ये." आणि ठेवला.

मी किती तरी वेळ तसाच फोन धरून उभा. मला बोलावलं. पुन्हा बोलावलं! चौदाला मी जाणारच. सकाळपासून जाऊन बसणार, थर्मास घेऊन, कुंपणाच्या आतल्या बाजूला. यावेळी यंत्र नाही, स्क्रिप्ट नाही, कुणावर अवलंबून राहणं नाही. मोठ्या अक्षरांत कागदावर 'दोन' लिहून दारावर चिकटवलं.

चिकटवल्यावर लक्षात आलं. दोन म्हणजे आपले की न्यूझीलंडचे, ते विचारायचं राहिलं.